ट्रकची बाही

माझा ट्रक पीठ खातो असं सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. चढावर तिसऱ्या वळणाला, मागे नऊ पोती धान्य आणि आरशात काळाकुट्ट धूर, अशी गाडी बंद पडली की हसू कुठल्या कुठे पळतं ते मला विचारा.

आधी गाडीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. ट्रक माझ्या नवऱ्याने बांधला. म्हणजे काय, तर जुना सहाचाकी ट्रक घेतला, त्याच्या हौद्यात पिठाची गिरणी बसवली आणि ट्रकच्याच इंजिनावर पट्टा लावून ती फिरेल अशी जोडणी केली. गाडी उभी करायची, पट्टा चढवायचा, गिरणी सुरू. वर डोंगरात सात वस्त्या आहेत, एकीलाही गिरणी नाही. पूर्वी तिथल्या बायका पोतं घेऊन अर्धा दिवस उतरायच्या आणि अर्धा दिवस चढायच्या. नवऱ्याचं डोकं उलटं चालायचं. माणसांनी गिरणीकडे कशाला जायचं, गिरणीच जाऊ दे की माणसांकडे, असं तो म्हणायचा.

तो गेला त्याला चार वर्षं झाली. पहिलं वर्षभर मी माझ्या भावाच्या घरी, वहिनीच्या शिवणाच्या दुकानात बसून बटणं लावली आणि भिंतीकडे बघत राहिले. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मग एक दिवस उठले, गाडी चालवायला शिकले आणि तेव्हापासून आठवड्यातले तीन दिवस मी डोंगरात असते. गाडीचा आवाज आला की वरच्या बायका हातातलं काम टाकून बाहेर येतात, मला ओरडून विचारतात की आज एवढा उशीर का, मीही ओरडूनच उत्तर देते. त्या गाडीमुळे मी पुन्हा माणसात आले. गाडी गेली असती तर माझं काय झालं असतं, हे मला आजही मोठ्याने बोलवत नाही.

आणि गाडी जाणार होती. झालं असं, की इंजिनाला हवा लागते आणि ही हवा आत घेणारी पेटी केबिनच्या मागे, गिरणीच्या अगदी शेजारी. गिरणी चालली की तिथे पिठाचं धुकं. पेटीत फिल्टर असतो, तो पीठ अडवतो, पण अडवून अडवून स्वतःच गच्च होतो आणि इंजिन गुदमरतं. नवरा दर वस्तीला फिल्टर काढून झटकायचा. मीही झटकायचे. पण या वर्षी गिरणीला दळायचे नवे दगड बसवले, पीठ झालं एकदम मऊ, बायका खूश आणि फिल्टर दोन तासांत चिकटून बसायला लागला. महिन्याभरात गाडी दोनदा चढावर बंद पडली. दोन्ही वेळा दूधवाल्याच्या व्हॅनने साखळी लावून मला खाली आणलं. दुसऱ्या वेळी ब्रेकही नीट लागत नव्हते.

दादाला हे कळलं आणि त्याने हात टेकले. माझा दादा शाळेत कारकून आहे. जन्मभर रजिस्टरं लिहिली, त्यामुळे प्रत्येक गोष्ट वाईट झाली तर काय होईल ते त्याला आधी दिसतं. गाडीचे कागद त्याच्या नावावर आहेत, नवरा गेल्यावर तसं करणं सोयीचं होतं. तो म्हणाला, आणखी एकदा ही गाडी साखळीने खाली आली तर ती विटावाल्याला द्यायची. विटावाला कधीपासून मागतच होता. तो गिरणी उपटून भंगारात टाकणार आणि हौद्यात विटा भरणार. मी डोक्यात राख घालून घेतली, नको नको ते बोलले. दादा शांतपणे म्हणाला, "मला बहीण एकच आहे."

मग मी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणजे आमचे म्हातारे मेकॅनिक. इंजिनाला पाना टेकवून दुसरं टोक कानाला लावतात, म्हणून हे नाव. त्यांनी पाहिलं, ऐकलं आणि म्हणाले की इंजिन ठणठणीत आहे, फक्त नको तिथून श्वास घेतंय. हवा केबिनच्या टपावरून घ्यायची, तिथे पीठ पोचत नाही. टपापासून पेटीपर्यंत पाइप आणायचा, झालं. मी म्हटलं, द्या बसवून. तर म्हणे असा पाइप बाजारात मिळणार नाही. ट्रक आहे घरी बदललेला, गिरणीची चौकट मध्ये येते, पाइपाला एकदा वळून, पुन्हा तिरकं वळून वर जावं लागेल. पत्र्याचा मुद्दाम बनवून घ्यावा लागेल.

पत्रेवाले धान्याच्या कोठ्या आणि बादल्या बनवतात. त्यांनी जागा बघितली आणि मान हलवली. सरळ नळी म्हणाल तेवढी वळून देतो, म्हणाले, पण हे तिरकं वळण सपाट पत्र्यावर कापायचं कसं ते मला कागदावर काढून द्या. मग दोन दिवस मी घराच्या अंगणात पुठ्ठे कापत बसले. एक पुठ्ठा गुंडाळला की शंकू व्हायचा, दुसरा गुंडाळला की नुसताच गुंता. तिसऱ्याचं तर मी काय केलं होतं ते मलाच कळेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

वहिनी दारात उभी राहून बघत होती. आमच्या वहिनीबद्दल सांगायचं तर ती कमी बोलते, आणि बोलते तेव्हा तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे जे येतं ते टोचतच येतं. निदान मला तसं वाटायचं. बटणांच्या त्या वर्षात मी तिच्यासमोर कधी मोकळी बसले नाही. आणि का कोण जाणे, माझ्या मनाने पक्कं घेतलं होतं की दादाच्या कानात गाडी विकायचं तिनेच भरवलंय. दुकानात हाताखाली कोणी नव्हतं ना तिच्या.

तर वहिनी बघत होती आणि म्हणाली, "ही बाही आहे."

मी म्हटलं, काय?

"बाही. खांद्यातून निघते, कोपरात वळते. अशा मी आजवर किती कापल्या असतील." तिने टेप गळ्यात टाकला आणि ती चक्क चपला घालून ट्रककडे चालू लागली.

वहिनीने ट्रकचं माप घेतलं ते बघायला गल्लीतली माणसं थांबली. पेटीच्या तोंडाला तिने मुंढा म्हटलं, म्हणजे बाही जोडायची जागा, आणि तिरक्या वळणाला कोपर. खडूने चौकटीवर खुणा केल्या, वहीत आकडे टिपले आणि वर गिऱ्हाईकाचं नाव लिहितात तिथे लिहिलं, ट्रक. मग मला म्हणाली, गाडी सुरू कर. मी म्हटलं, माप घ्यायला गाडी कशाला सुरू हवी? तर म्हणाली, गिऱ्हाईक श्वास सोडून उभं असताना माप घेतलं तर कोट जेवल्यावर फाटतो. मी गाडी सुरू केली. वहिनी एक हात पेटीवर आणि एक हात केबिनवर ठेवून कितीतरी वेळ उभी राहिली. इंजिन एका तालात हलत होतं, केबिन दुसऱ्या. ती म्हणाली, हे सलग पत्र्याचं केलं तर मोडेल. काखेत सैल लागतं, नाहीतर माणसाला हात वर करता येत नाही. खालचा तुकडा इंजिनासोबत हलू दे, वरचा केबिनसोबत, आणि मध्ये चाकाच्या जुन्या ट्यूबची बाही शिवू. डॉक्टर तिथेच उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. एवढं त्यांच्याकडून मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने ट्यूबची बाही शिवली आणि पत्र्यासाठी खाकी कागदावर आकार काढून, कापून दिले. कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "कडेला एक बोट माया सोडलीय. पत्रेवाल्यांना सांग." आणि मग, मी निघताना, "नाहीच जमलं तर दुकान आहेच."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. दुकान आहेच. म्हणजे हिला खात्रीच आहे की जमणार नाही, म्हणजे बटणं माझी वाटच बघतायत. रात्रभर मी त्याच वाक्यावर कूस बदलत राहिले. सकाळी पत्रेवाल्यांकडे जायच्या आधी कागद गुंडाळून पेटीच्या तोंडाला लावून पाहिला, तर कागदाची नळी तोंडापेक्षा चांगली मोठी. कागदावर दोन रेघा होत्या. आतली तुटक, बाहेरची सलग. शिवणकामात कापडाच्या कडेला शिवणीबाहेर जास्तीचं सोडतात त्याला माया म्हणतात, एवढं वर्षभर दुकानात बसून मलाही ठाऊक होतं. पण मला वाटलं, माया कापडाला. पत्र्याला कसली माया? सवयीने सोडली असेल, चुकली असेल. किंवा मुद्दाम. हो, हेही माझ्या मनात आलं, लपवून काय करू. दोन पावलांवर घर होतं, विचारायचं तर मिनिटाचं काम. मी विचारलं नाही. कात्री घेतली आणि आतल्या रेघेवरून सगळी माया कापून टाकली.

पत्रेवाल्यांनी कागद उलटापालटा करून विचारलं की यात दुमड कुठे घालायची? पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत दुमडून ठोकल्या की सांधा पक्का होतो, त्यासाठी बोटभर जास्त लागतं. मी म्हटलं, दुमड नको, काठाला काठ भिडवा आणि कथलाने झाळून टाका. ते म्हणाले, बाई, बादलीलासुद्धा मी असं करत नाही. मी म्हटलं, मला घाई आहे. माझा आवाज असा होता की म्हातारे पत्रेवाले कामाला लागले.

गुरुवारी पाइप बसला. दिसायला काय सुंदर! काळ्या रबराची बाही मध्ये आणि वर टपावर छोटंसं पत्र्याचं टोपरं. पहिल्या वस्तीत चार पोती दळली, फिल्टर काढून पाहिला तर स्वच्छ. मी एकटीच हौद्यात उभी राहून मोठ्याने हसले. दुसरी वस्ती झाली. वर निघाले, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढ असा घेत होती की नवरा असता तर त्याने टाळी दिली असती. आणि तिसऱ्या वळणाच्या आधी एक शिट्टी ऐकू आली. बारीक, लांबलचक. मग धूर. मग गाडी थांबली.

खाली उतरून पाहिलं. खालच्या तुकड्याचा सांधा कोपरापासून मुंढ्यापर्यंत उलगडला होता आणि हौद्यात उडालेलं सगळं पीठ इंजिन तिथून पीत होतं. वहिनीची रबराची बाही मात्र जशीच्या तशी होती. मी दगडावर बसले. साखळी घेऊन दूधवाला येईपर्यंत दोन तास मला एकच दिसत होतं, त्या सकाळी माझ्या पायाशी पडलेल्या त्या खाकी कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या.

घरी पोचले तेव्हा दादा दुकानात, वहिनीच्या मशीनसमोरच्या खुर्चीवर बसला होता. दूधवाल्याने आधीच फोन केला होता आणि दादाने विटावाल्याला शनिवारी यायला सांगून टाकलं होतं. पाइपाचा फुटका तुकडा मी कापायच्या टेबलावर ठेवला. दादाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सांधा उलगडला.

वहिनीने तुकडा उचलला. सांध्यावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पत्र्याचा काठ सपाट होता, दुमडीचं नावसुद्धा नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं हे मला कळलं. आता ही सांगणार, आणि संपलं सगळं.

"चूक माझी आहे," वहिनी दादाला म्हणाली. "मी माया सोडायची विसरले."

ती पुढे म्हणाली की गाडीचा यात काही दोष नाही, हिचाही नाही. कपडा उसवला तर दोष शिंप्याचा, अंगात घालणाऱ्याचा नव्हे. उद्या मी पुन्हा कापून देते, शनिवारी ही वर जाऊ दे, तुम्हीही सोबत जा, आणि त्यानंतर काय करायचं ते करा. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. दादा उठला, बरं म्हणाला आणि आत गेला.

आम्ही दोघीच उरलो. वहिनीने खाकी कागदाची गुंडाळी काढली, टेबलावर पसरली, चारही कोपऱ्यांवर वजनं ठेवली. मग वर न बघता विचारलं, "माया का कापलीस गं?"

मी भडकलेच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणा हवं तर. मी म्हटलं, तुम्हालाच गाडी नकोय, तुम्हाला मी परत इथे बटणं लावत बसायला हवीय, दुकान आहेच म्हणालात ना, तुम्हीच भरवलंत दादाला. जे जे मनात होतं ते सगळं ओकले. रडलेही असेन, लक्षात नाही.

वहिनीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "तू लावलेलं एकूण एक बटण मी उसवून पुन्हा लावलंय," ती म्हणाली. "वर्षभर. तू आत गेलीस की बसायचे. शाळेचे एवढे गणवेश होते त्या वर्षी, माझे डोळे गेले. तुला दुकानात परत घ्यायची मला हौस आहे का गं बाई?"

ती पुढे म्हणाली की यांनी गाडीचा विषय याआधी दोनदा काढला होता आणि दोन्ही वेळा तिनेच नको म्हटलं होतं. आणि दुकान आहेच असं ती म्हणाली ते एवढ्याचसाठी, की काही झालं तरी मी उघड्यावर पडणार नाही हे मला माहीत असावं. मग मला हसू फुटलं. बटणांचं. आधी मला, मग तिला. दोघी टेबलाला धरून हसत होतो, आणि हसताना मला काहीतरी आतून सुटल्यासारखं झालं. आठवलं, त्या वर्षी तिने एकदाही माझ्या कामाला नाव ठेवलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही दोघी पत्रेवाल्यांकडे गेलो. मी आधी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, बाई, माझ्या हातून असलं काम गेलं याचंच मला वाईट वाटलं होतं. वहिनीने कागद दिला, दोघं कितीतरी वेळ बोटाने कडा दाखवत बोलत बसले. एक पत्र्यातला, एक कापडातली, पण भाषा त्यांची एकच निघाली. त्यांनी सांधा दुमडला, ठोकला, वरून झाळला. तेवढ्या वेळात डॉक्टरांनी फिल्टर आणि पेटी साफ करून ठेवली आणि पाइप स्वतः बसवून दिला. ट्यूबची बाहीसुद्धा वहिनीने उसवून नव्याने शिवली, दादासमोर धोका नको म्हणून दुहेरी टीप मारून. जुनी चांगली होती, मी सांगत होते, पण ऐकेल ती कुठली.

शनिवारी सकाळी दादा माझ्या शेजारी बसला. मांडीवर डबा, दोन्ही हात डब्यावर. सपाटीचा रस्ता संपेपर्यंत तो बाहेर बघत होता. मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, "तुझी वहिनी आता म्हातारी झाली. माया सोडायचं विसरायला लागली."

डोंगराचा पायथा दिसायला लागला. गप्प राहिले असते तर निभावलं असतं, पाइप चांगला होता, गाडी चढली असती, आणि वहिनीच्या माथ्यावर ते विसरणं कायमचं राहिलं असतं. तिने तीस वर्षांत मिळवलेलं नाव, माझ्यापायी. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"दादा, वहिनी विसरली नव्हती. माया मी कापली. माझ्या हाताने. तिला विचारलंसुद्धा नाही. आता तुला गाडी द्यायची तर दे, पण तिला नाव ठेवू नकोस."

"ठाऊक आहे," दादा म्हणाला.

त्याने शर्टाची कड उलटी करून मला दाखवली. आत उसवलेल्या टाक्यांच्या जुन्या खुणा होत्या, एकापलीकडे एक, तीन ओळी. म्हणाला, माझं पोट तीनदा सुटलं, तिने हा शर्ट तीनदा सैल केला. माझा एकही शर्ट आजवर टाकावा लागला नाही. ती माया सोडायला विसरेल, यावर मी विश्वास ठेवीन? मग त्याने शर्टाची कड खाली केली.

"तीस वर्षांत ती माझ्याशी कधी खोटं बोलली नाही. भांडली, तेव्हाही खरं तेच बोलून भांडली. गुरुवारी तुझ्यासाठी बोलली. मी आत गेलो आणि विटावाल्याला फोन करून सांगितलं, येऊ नका."

गुरुवारीच. म्हणजे पाइप पुन्हा कापायच्या आधी, दुमड पडायच्या आधी. मी विचारलं, मग आज कशाला आलास?

"बघायला," तो म्हणाला. "तू गाडी कशी चालवतेस ते मी कधी बघितलंच नाही."

मग मी चालवली. अशी चालवली की बस. तिसरं वळण आलं आणि गेलं, शिट्टी नाही, धूर नाही, आणि दादाने तेवढ्यापुरता डबा घट्ट धरला आणि पुन्हा सोडला. सातही वस्त्या केल्या. सगळ्यात वरच्या वस्तीत बायकांनी दादाला पोती उचलायला लावली, त्याचे केस आणि भुवया पांढऱ्याशुभ्र झाल्या. एक म्हातारी त्याला म्हणाली की तुमच्या बहिणीचं भलं होवो. तो म्हणाला, तिच्या वहिनीचं म्हणा. तिला काही कळलं नाही, पण तिने तेही म्हटलं.

घरी आल्यावर मी पीठ न झटकताच दुकानात शिरले. दोन गिऱ्हाइकं बसली होती. आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, तशी रीतच नाही, त्यामुळे मला ते जमेना. मी आपली सभेत उभी राहिल्यासारखी म्हणाले, "वहिनी, मी तुमची फार आभारी आहे." तुमची! एरवी मी तिला अगं-तुगं करते, हे 'तुम्ही' फक्त रागात निघायचं. वहिनीने मशीन थांबवलं. मग मी सगळं सांगितलं, दादाला मी काय सांगितलं आणि त्याने विटावाल्याला कधी नको म्हटलं ते. ती म्हणाली, म्हणजे शुक्रवारी ती रबराची बाही मी उगाचच उसवली. बस, एवढंच.

मग ती उठली, टेप काढला आणि म्हणाली, इकडे ये. वर वारा झोंबतो म्हणे, आणि तू नवऱ्याच्या जुन्या स्वेटरवर फिरतेस. तुला कोट शिवते, गाडी चालवायचा. मी म्हटलं, अगं, गिऱ्हाइकं थांबलीत. तिने ऐकलंच नाही. "स्टिअरिंग धरतेस तसे हात धर," म्हणाली.

दुकानाच्या मध्यावर, पिठाने माखलेली मी, हवेत स्टिअरिंग धरून उभी राहिले. गिऱ्हाइकं टकामका बघत होती. वहिनीने पाठीवरून टेप नेला, खांद्यावर बोट ठेवलं आणि माझे खांदे हलायला लागले.

"हलू नकोस, माप चुकेल," ती म्हणाली.

"हलत नाहीये. रडतेय."

"बरं मग रड," वहिनी म्हणाली. "पण हात खाली घेऊ नकोस."